नव्या वकिलांचं ट्रेनिंग लेक्चरमध्ये होत नाही, परत आलेल्या ड्राफ्टमध्ये होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मध्यम आकाराची फर्म, दरवर्षी चार-पाच नवे वकील येतात, पहिल्या आठवड्यात इंडक्शन, मग दर शुक्रवारी दुपारी एक लेक्चर. सुरुवातीला सगळे वही-पेन घेऊन हजर, दोन-तीन महिन्यांनी कोणाचं हिअरिंग, कोणाचा क्लायंट कॉल, खोलीत तिघंजणच. पार्टनर म्हणतात एवढं करूनही पोरांना साधं पत्र धड लिहिता येत नाही, आणि जे जरा तयार होतात ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जातात. तर प्रोग्राम कसा आखायचा, किती तासांचा, बाहेरून ट्रेनर आणायचा का. मी आधी ज्युनिअर म्हणून, मग बरीच वर्षं पार्टनर म्हणून आणि सोबत ट्रेनिंगचं खातं सांभाळत हे सगळं जवळून बघितलंय, त्यामुळे उत्तर लांबणार, तयारी ठेवा.

पहिलं म्हणजे तुमचा प्रॉब्लेम ज्युनिअरांत नाहीये, सीनिअरांत आहे. लेक्चरला कोण येतं नि कोण दांडी मारतं ते सोडा. कुठल्याही एका ज्युनिअरला बसवा, त्याने गेल्या महिन्यात केलेले पाच ड्राफ्ट काढायला सांगा आणि प्रत्येक ड्राफ्टबद्दल दोनच गोष्टी विचारा. शेवटी क्लायंटला किंवा कोर्टात जे गेलं ते तू बघितलंस का? आणि जे बदललं ते का बदललं हे तुला कोणी सांगितलं का? पहिल्याला एखाद-दुसरं "हो" येईल, दुसऱ्याला बहुधा नुसतीच मान हलेल. होतं काय, की ज्युनिअर रात्री उशिरा ड्राफ्ट पाठवतो, सीनिअर सकाळी उघडतो, बघतो तर धड नाहीये, वेळ तर अजिबात नाहीये, मग स्वतःच बसून दुरुस्त करतो आणि पुढे पाठवून मोकळा होतो. ज्युनिअरला वाटतं ड्राफ्ट चांगला असणार, कोणी काही बोललं नाही. सीनिअरला वाटतं याला काही येत नाही, पण हे तो ज्युनिअरला सोडून बाकी सगळ्या पार्टनरांना सांगतो. पुढच्या वेळी तीच चूक, अगदी त्याच जागी. वर्षभर हे चाललं तर शुक्रवारच्या एका तासाने काय होणार आहे?

कॉलेजात काहीच शिकवत नाहीत ही ओरड जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. हार्वर्डला क्रिस्टोफर लँगडेल १८७० मध्ये डीन झाले आणि त्यांनी अपील कोर्टांचे निकाल वाचायला लावून वर्गात त्यावर प्रश्न विचारत शिकवायची पद्धत रुजवली, ती पुढे अमेरिकाभर आणि बाहेरही पसरली. पद्धत वाईट नाही, डोकं चालवायला शिकवते. पण अपिलाच्या निकालात फॅक्ट्स आधीच ठरलेल्या असतात, कोणीतरी त्या गाळून, क्रमाने लावून, पहिल्या दोन पानांत मांडून दिलेल्या असतात. फर्ममध्ये आलं की समोर येते क्लायंटची दोनशे ईमेलची साखळी, तीन वेगवेगळ्या तारखांची एकाच कराराची तीन व्हर्जन्स, आणि अर्धवट आठवणारा एक मॅनेजर. फॅक्ट्स आपणच शोधायच्या असतात हे नव्या वकिलाला कोणी सांगितलेलंच नसतं. अमेरिकन बार असोसिएशनचा मॅक्क्रेट रिपोर्ट १९९२ मध्ये आला, त्यात वकिलाला लागणारी दहा मूलभूत कौशल्यं मांडली होती, त्यात कायद्याचं विश्लेषण आणि रिसर्च होतंच, पण फॅक्ट्सचा तपास, क्लायंटला सल्ला देणं, वाटाघाटी, कामाची व्यवस्था लावणं हेही होतं. पदवी हातात येते तेव्हा यातली पहिली दोन जेमतेम आलेली असतात.

ही दरी प्रत्येक देश आपल्या परीने बुजवतो. जर्मनीत पहिल्या परीक्षेनंतर दोन वर्षं कोर्ट, सरकारी वकिलांचं ऑफिस, प्रशासन आणि वकिलाचं ऑफिस असं फिरवतात, मग दुसरी परीक्षा. जपानमध्ये परीक्षा पास झाल्यावर सुप्रीम कोर्टाच्या ट्रेनिंग संस्थेमार्फत साधारण वर्षभर घडवतात. इंग्लंडमध्ये पूर्वी दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट असायचं, २०२१ पासून सॉलिसिटर (म्हणजे तिथले ऑफिसात बसून क्लायंटचं काम बघणारे वकील) होण्यासाठी एसक्यूई ही नवी परीक्षा आली, पण दोन वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवाच, फक्त तो आता जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळून चालतो. उलट अमेरिकेत बहुतेक राज्यांत बार परीक्षा पास झालं की झालात वकील. भारतात बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनद देण्याआधी वर्षभर ट्रेनिंगचा नियम केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये रद्द केला, आता ऑल इंडिया बार एक्झाम आहे पण ती परीक्षा आहे, उमेदवारी म्हणजे कोणाच्या हाताखाली काम करत शिकणं नव्हे. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की जिथे सक्तीची उमेदवारी आहे तिथेसुद्धा माणूस घडतो की नुसते दिवस भरतात हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. आणि जिथे ती नाही तिथे तर सगळा भार फर्मवरच.

आता मुद्द्याचं. काम कसं देता आणि कसं परत घेता, या दोन जागा सुधारल्या की बरंचसं काम झालं.

काम देताना बहुतेक सीनिअर कॉरिडॉरमधून जाता जाता म्हणतात, "अरे ते मुदतीचं जरा बघून घे आणि एक नोट बनव." ज्युनिअर दोन दिवस खपून चौदा पानं लिहितो, त्यात मुदतीच्या कायद्याचा इतिहास, उलटसुलट निकाल, सगळं. सीनिअरला हवं होतं संध्याकाळच्या कॉलसाठी चार ओळी, दावा अजून लावता येतो की गेला, आणि शेवटची तारीख कुठली. मग सीनिअर चिडतो, ज्युनिअर खट्टू होतो, आणि दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. काम देताना पाच गोष्टी तोंडाने सांगायच्या. हे कोण वाचणार आहे, वाचून तो काय ठरवणार आहे, केवढं हवंय म्हणजे ईमेल की मेमो की नुसता फोनवर निरोप, कधी हवंय, आणि यावर किती तास घालवायचे. पाचवी गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त गरज तिचीच असते, कारण रिसर्च कुठे थांबवायचा हे त्याला कळत नसतं, त्याला वाटतं अजून एक निकाल सापडेल, अजून एक. सरळ सांगा, तीन तास लाव, तीन तासांत नाही सापडलं तर चौथ्या तासाला माझ्याकडे ये आणि काय काय बघितलंस ते सांग. काही न सापडणं हेही उत्तर असू शकतं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं.

मग ज्युनिअरने जागेवर जाऊन तीन-चार ओळींचा ईमेल टाकायचा, मला असं असं समजलंय, असं करतोय, अमुक वेळेपर्यंत देतो. यात सीनिअरची दोन मिनिटं जातात आणि निम्मे घोळ इथेच पकडले जातात, कारण आपण बोललो एक आणि त्याने ऐकलं दुसरंच हे लगेच दिसतं. शक्य असेल तर क्लायंटचा तो मूळ कॉल ज्युनिअरला ऐकू द्या, काही बोलायला नको, नुसतं ऐकू दे. ज्याने क्लायंटच्या तोंडून त्याची अडचण ऐकलीय त्याचा ड्राफ्ट आणि ज्याला नुसती दुसऱ्या हाताने माहिती मिळालीय त्याचा ड्राफ्ट यातला फरक पहिल्या परिच्छेदातच दिसतो.

आता परत देणं. इथे पहिला नियम अगदी फुकटचा आहे. ज्युनिअरने हात लावलेलं काहीही बाहेर गेलं की शेवटची कॉपी आणि त्याच्या ड्राफ्टशी तुलना केलेली रेडलाइन, म्हणजे काय खोडलं आणि काय घातलं ते लाल रंगात दाखवणारी कॉपी, त्याच दिवशी त्याच्याकडे गेली पाहिजे. सेक्रेटरी पाठवू शकते, सिस्टिममधून आपोआप जाऊ शकते, सीनिअरचा वेळ जवळपास शून्य. एवढं जरी केलंत तरी जे ज्युनिअर मुळात जिज्ञासू आहेत ते आपसूक शिकायला लागतात.

पण रेडलाइन एकटी पुरत नाही, कारण त्यात साठ बदल असतात आणि कुठला बदल कशासाठी हे त्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते बदल तीन जातींचे असतात. एक, चूक होती, म्हणजे कायदा चुकला, तारीख चुकली, रक्कम चुकली, पक्षकाराचं नाव चुकलं. दोन, बरोबर होतं पण आपल्याला ते आत्ता किंवा अशा पद्धतीने बोलायचं नाहीये. तीन, सीनिअरची आवड, त्याला "तथापि" आवडत नाही, "परंतु" आवडतं. ज्युनिअरला साठही बदल सारखेच दिसतात, मग एक तर तो हबकतो की माझं सगळंच चुकलं, नाही तर सगळं तिसऱ्या जातीत ढकलून देतो की साहेबांची सवयच आहे खोडायची. म्हणून बदल करतानाच मार्जिनमध्ये एक, दोन, तीन असा नुसता आकडा टाका. जास्त काही नको. आणि तिसऱ्या जातीचे बदल मोजून बघा कधीतरी, बऱ्याच सीनिअरांना स्वतःचीच लाज वाटेल इतके निघतात.

दुसऱ्या जातीवर जरा थांबते, कारण वकिली खरी तिथे आहे. समजा पैसे थकल्याची नोटीस आलीय आणि ज्युनिअरने उत्तरात लिहिलं, "माल निकृष्ट असल्याने आमच्या अशिलाने रक्कम वेळेवर दिली नाही." वाक्य व्याकरणाने ठीक, फॅक्ट्सने कदाचित खरंही. सीनिअरने ते खोडून लिहिलं की अमुक तारखेच्या ईमेलने मालाच्या दर्जाबद्दल तक्रार कळवली होती, त्या तक्रारीचं निवारण झालेलं नाही, आणि सबब कुठलीही रक्कम देय असल्याचं नाकबूल आहे. ज्युनिअरला वाटतं भाषा जड केली फक्त. त्याला हे दिसत नाही की त्याच्या वाक्यात आपण रक्कम देय होती आणि ती वेळेत दिली नाही या दोन्ही गोष्टी कबूल करून बसलो होतो आणि ते पत्र उद्या समोरचा वकील कोर्टात आपल्याच तोंडावर मारणार होता. हे पाच मिनिटांत सांगण्यासारखं आहे आणि एकदा सांगितलं की तो माणूस आयुष्यभर तसं वाक्य लिहिणार नाही. करारांचंही तेच. ज्युनिअरने लायबिलिटीवर कॅप टाकली, म्हणजे आपल्याला जास्तीत जास्त किती भरपाई द्यावी लागेल याची मर्यादा, छान मेहनत घेऊन टाकली, पण चार पानं पुढे इंडेम्निटीचा, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देण्याच्या हमीचा क्लॉज "या करारात इतरत्र काहीही म्हटलेलं असलं तरी" असा सुरू होतो, म्हणजे ज्या सगळ्यात मोठ्या रकमेसाठी कॅप हवी होती तिथेच ती लागू होणार नाही. सीनिअर तेवढेच शब्द खोडतो, पूर्ण कराराचा अर्थ फिरतो. रेडलाइनमध्ये मात्र ते शब्द आणि एखादा स्वल्पविराम शेजारी शेजारी, सारख्याच लाल रंगात.

म्हणून आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, एकच ड्राफ्ट घेऊन शेजारी बसायचं. वकिलांना कोर्टात बोलायला शिकवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश जॉर्ज हॅम्पेल यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे, इंग्लंडच्या बॅरिस्टरांच्या, म्हणजे कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांच्या ट्रेनिंगमध्येही ती वापरतात. क्रम असा की आज कशाबद्दल बोलणार ते एका वाक्यात सांगायचं, मग शिकणारा नेमकं काय म्हणाला ते त्याचेच शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायचे, ते का चालत नाही ते सांगायचं, उपाय सांगायचा, स्वतः करून दाखवायचं, आणि मग शिकणाऱ्याने तेवढाच तुकडा परत करायचा. आणि एका वेळी एकच मुद्दा, दहा नाहीत. मी हे लेखी ड्राफ्टला जसंच्या तसं लावते आणि चालतं. सगळ्यात जास्त गळते ती शेवटची पायरी, परत करून बघणं. आपण समजावतो, तो मान डोलावतो, आपण उठतो. नाही, तो परिच्छेद तिथल्या तिथे त्याला परत लिहू द्या, तेव्हाच कळतं की पोचलंय का.

सोबत प्रत्येक ज्युनिअरने स्वतःची एक चेकलिस्ट ठेवायची, फर्मने छापून दिलेली नव्हे, त्याला स्वतःला मिळालेल्या दुरुस्त्यांतून बनवलेली. कोणी जोडपत्रांचे नंबर चुकवतो, कोणी व्याख्या केलेला शब्द मध्येच बदलतो, कोणी तारखांत घोळ घालतो. ड्राफ्ट पाठवण्याआधी आपल्या यादीवरून एकदा नजर फिरवायची. सहा महिन्यांनी त्या यादीतलं काय काय खोडता आलं हे बघितलं की कुठल्याही अप्रेझल फॉर्मपेक्षा जास्त कळतं.

तुम्ही म्हणाल वेळ कुठून आणायचा. बरोबर, घोडं तिथेच अडतं. जिथे तासांवर बिलिंग आहे, सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये दिवस मोजला जातो, तिथे ज्युनिअरला समजावण्यात घालवलेला अर्धा तास पार्टनरच्या टाइमशीटवर भोक म्हणून दिसतो. तो क्लायंटच्या बिलात घालणं योग्य नाही, आपल्या माणसाच्या शिकण्याचे पैसे क्लायंटने का द्यावेत, आणि हल्ली क्लायंटही अशा एंट्री बरोबर पकडतात. तेव्हा टाइमशीटमध्ये त्यासाठी वेगळा कोड करा, आणि मुख्य म्हणजे वर्षाअखेरी पार्टनरचा हिशोब करताना तो कोड मोजा. नुसता कोड केला आणि बोनस मात्र फक्त बिल झालेल्या तासांवर दिला तर सगळ्यांना खरं काय ते कळतं आणि कोड रिकामा राहतो. हा निर्णय मॅनेजिंग पार्टनरनेच घ्यावा लागतो, ट्रेनिंग बघणाऱ्या माणसाच्या हातात तो नसतो, तेव्हा तुमच्याकडे तो अधिकार नसेल तर आधी तिथे जाऊन भांडा.

कामाची वाटणी हा दुसरा विषय. न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हाथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी पद्धत बसवली तिचं बरंचसं अनुकरण पुढे जगभरच्या मोठ्या फर्मनी केलं. थेट कॉलेजातून निवडून घ्यायचे, मोठ्या प्रकरणाचे तुकडे करून एक छोटा तुकडा ज्युनिअरला पूर्णपणे सोपवायचा आणि ठरावीक काळाने एका पार्टनरकडून दुसऱ्याकडे पाठवायचं. त्यातलं तुकडे पाडून देणं आणि फिरवणं या दोन गोष्टी छोट्या फर्मनेही उचलाव्यात. एरवी होतं काय, की पहिल्या महिन्यात जो जरा चुणचुणीत दिसतो त्यालाच सगळे चांगलं काम देतात, तो अजून तयार होतो, म्हणून त्याला अजून काम, आणि बाकीचे तिघं दोन वर्षं कागद लावत बसतात. नंतर आपण म्हणतो बघा, हा हुशार निघाला. कोणाकडे काय काम गेलं याची महिन्याला एक साधी शीट कोणीतरी एकाने बघितली पाहिजे, क्लायंट कॉल किती जणांनी ऐकले, हिअरिंगला कोण गेलं, पहिला ड्राफ्ट कोणी केला.

मेंटॉर नेमायच्या योजनांबद्दल मला विचाराल तर मला त्या फारशा पटत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा भेटून "कसं चाललंय?" विचारणाऱ्या माणसाने तुमचं काम वाचलेलं नसतं, त्याच्या सल्ल्याला वजन काय असणार. गप्पा मारायला चांगलं आहे, ट्रेनिंग म्हणू नका.

लेक्चरं पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगाव्या लागतात: कॉन्फ्लिक्ट चेक, म्हणजे नव्या क्लायंटचं हित आपल्या दुसऱ्या क्लायंटच्या आड येत नाही ना ही तपासणी कशी करायची आणि ती होईपर्यंत क्लायंटचा कागदसुद्धा उघडायचा नाही, गोपनीयता म्हणजे घरीदारी आणि लिफ्टमध्येसुद्धा, क्लायंटच्या पैशाला हात न लावणं, मुदतीच्या तारखा दोन ठिकाणी आणि दोन माणसांकडे नोंदवणं, टाइमशीट त्याच दिवशी भरणं. बाकी विषय कामाच्या वेळी. ज्या आठवड्यात ड्यू डिलिजन्स (सौद्याआधी कंपनीच्या कागदपत्रांची छाननी) सुरू होतोय त्याच्या आदल्या दिवशी चाळीस मिनिटं डेटा रूमवर, म्हणजे ते कागद जिथे ठेवलेले असतात त्यावर बोललात तर सगळे कान देऊन ऐकतील, तेच चार महिने आधी सांगितलंत तर डोक्यावरून जाईल. तासांचा आकडा विचारलात म्हणून सांगते, सक्तीचे तास हा प्रयोग जुना आहे, मिनेसोटाने १९७५ मध्ये तो आणला आणि मग बहुतेक अमेरिकन राज्यांनी उचलला. न्यूयॉर्कमध्ये नव्या वकिलाला पहिल्या दोन वर्षांत ३२ क्रेडिट तास करावे लागतात. उलट इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची सक्ती होती ती नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकली, त्याऐवजी आपल्या कामात काय कमी पडतंय हे स्वतः तपासा, त्यावर उपाय करा आणि त्याची नोंद ठेवा असा नियम केला. तुमच्याकडे सक्ती असेल तर तास भरा, तो कायदा आहे, पण तास भरले म्हणजे ट्रेनिंग झालं असं समजू नका. आणि बाहेरचा ट्रेनर आणाच, पण दोनच गोष्टींसाठी, कोर्टात उभं राहून बोलणं आणि लिहिणं, आणि तेही तुमच्याच फर्मच्या नावं झाकलेल्या कागदांवर. तयार स्लाइड घेऊन येणाऱ्याला परत पाठवा.

एआयचा विषय टाळून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल वकिलांनी दाखल केले आणि जून २०२३ मध्ये ५,००० डॉलरचा दंड झाला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून जास्त कामाचा निकाल लंडनचा आहे, हाय कोर्टाने जून २०२५ मध्ये अशाच खोट्या संदर्भांच्या दोन प्रकरणांत जे म्हटलं ते. कोर्ट नुसतं त्या वकिलांवर थांबलं नाही, चेंबरचे (बॅरिस्टरांच्या एकत्रित ऑफिसचे) प्रमुख आणि फर्मचे मॅनेजिंग पार्टनर यांनी हे टाळण्यासाठी प्रत्यक्ष काय उपाय केले हे पुढच्या वेळी विचारलं जाईल असं बजावलं. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांतही ५.१ क्रमांकाचा नियम आहे, हाताखालच्या वकिलाकडून नियम पाळले जातील याची काळजी घेणं ही वरच्याची जबाबदारी. म्हणजे ज्युनिअरने संदर्भ तपासला नाही हे कारण तुम्हाला वाचवणार नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. जे कंटाळवाणं काम करता करता पूर्वी हात बसायचा, शंभर करार वाचून तक्ता करणं, निकालांचा सारांश काढणं, ते आता टूल मिनिटांत करतं. शंभर करार वाचलेल्या माणसाला शंभरएकावा वाचताना काहीतरी खटकतं, ते खटकणं त्या कंटाळ्यातूनच आलेलं असतं. टूलवर बंदी घालून उपयोग नाही, चोरून वापरतील. मी एवढंच करायला लावते की आधी स्वतःचा अर्ध्या पानाचा आराखडा हाताने लिहायचा, मुद्दे काय, उत्तर काय वाटतं, कुठे शंका आहे, मग हवं ते टूल वापरा, आणि मग दोन्हीत फरक काय पडला ते मला येऊन सांगा. आणि प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी उघडून, निदान तो परिच्छेद तरी वाचून, मगच ड्राफ्टमध्ये.

चुका सांगण्याबद्दल पहिल्याच दिवशी बोला, अगदी स्पष्ट. इंग्लंडच्या हाय कोर्टाने २०१८ मध्ये सॉलिसिटरांच्या तीन केसेस एकत्र ऐकल्या, तिन्हींत अप्रामाणिकपणा सिद्ध झालेला, एकीत तर एका ज्युनिअरने कामात झालेली दिरंगाई लपवण्यासाठी पत्रांवर मागच्या तारखा टाकल्या होत्या. ऑफिसातलं वातावरण, ताण, मानसिक आजार सगळं कोर्टाने मान्य केलं आणि तरीही खालच्या ट्रायब्युनलची सौम्य शिक्षा बाजूला ठेवून तिघांचीही नावं रोलवरून, म्हणजे सॉलिसिटरांच्या नोंदवहीतून काढली. दिरंगाई निस्तरता आली असती, खोटी तारीख नाही. हे नव्या पोरांना सांगाच, पण पार्टनरांना त्याहून आधी सांगा, कारण "साहेब, माझ्याकडून तारीख चुकली" हे वाक्य ज्या ऑफिसात ऐकून घेतलं जात नाही तिथेच लपवाछपवी सुरू होते. चूक कळल्यापासून तासाभरात सांगितली तर त्या दिवशी आरडाओरडा नाही, आधी निस्तरायचं, कारणं दुसऱ्या दिवशी, हा नियम लेखी करा आणि पाळा. ताणाचं म्हणाल तर २०१६ मध्ये अमेरिकेत जवळजवळ १३,००० वकिलांचा अभ्यास छापून आला, त्यात साधारण २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली आणि दारूच्या त्रासाचं प्रमाण करिअरच्या पहिल्या दहा वर्षांतल्यांत सगळ्यात जास्त निघालं. तेव्हा रात्री अकराला ईमेल टाकून सकाळी नऊला उत्तर मागण्याआधी खरंच तेवढी घाई आहे का हे बघत जा.

सोडून जाण्याबद्दल. काही जाणारच, पगार दुप्पट मिळाला तर थांबवणार कोण. पण बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जातात कारण त्यांना पहिल्या वर्षाचंच काम परत परत मिळत असतं. दुसऱ्या वर्षी छोटी का होईना एखादी फाइल त्याच्या नावावर करा, क्लायंटचा पहिला फोन त्याला जाऊ दे, तुम्ही मागे उभे राहा. नव्या बॅचचे ड्राफ्ट त्यालाच आधी तपासू द्या, एक-दोन-तीन आकडे टाकून, दुसऱ्याच्या चुका शोधताना स्वतःच्या दिसायला लागतात. तिसऱ्या वर्षी जमलं तर काही महिने क्लायंटच्या लीगल डिपार्टमेंटला पाठवा. काही जण तिथेच राहतात, हो, होतं तसं, पण मग तो तुमचाच माणूस क्लायंटकडे बसलेला असतो आणि काम तुमच्याकडेच येतं.

सुरुवात कुठून करायची विचारलंत. मोठा प्रोग्राम लिहायला घेऊ नका. पुढच्या महिन्यापासून रेडलाइन त्याच दिवशी परत, आणि शुक्रवारच्या लेक्चरच्या जागी त्याच वेळेत प्रत्येक सीनिअर एका ज्युनिअरसोबत एक ड्राफ्ट घेऊन बसेल, वीस मिनिटं, दार बंद. एवढंच एक तिमाही चालवा. ज्या पार्टनरकडे ते दोन-तीनदा झालंच नाही त्याच्याशी आधी एकदा बोला, आणि तरीही नाही झालं तर पुढच्या बॅचचा ज्युनिअर त्याला देऊ नका.